उठाबशा

भाचीची पहिली मंगळागौर ठाण्यात नौपाड्यातल्या एका लहानशा हॉलवर होती. २०२२ चा श्रावण. जेवणं झाली, खेळांना रंग चढला आणि कुणीतरी मला ओढलं, "मावशी, तू तर फुगडीत पटाईत होतीस म्हणे!" होते खरी. शाळेत बसफुगडीत माझा हात धरणारं कुणी नव्हतं. पाच-सहा फेरे झाले असतील, तेवढ्यात खाली ओलं झाल्यासारखं वाटलं. थोडंसंच, पण वाटलं. "चक्कर येतेय गं" म्हणून हात सोडवला आणि भिंतीशी सतरंजीवर जाऊन बसले.

खरी फजिती पुढेच होती. निघायची वेळ झाली आणि मला उठताच येईना. आधी उजवा हात जमिनीला टेकला, मग गुडघा, मग दुसरा हात वहिनीच्या हातात. उठताना तोंडातून "आई गं" इतक्या जोरात निघालं की सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. माझी आईसुद्धा. ती तेव्हा शहात्तर वर्षांची, खुर्चीवर बसली होती. मी एक्कावन्न.

आता थोडं मागचं सांगते. माझ्या पाळीने सत्तेचाळिसाव्या वर्षी वेळापत्रक सोडलं, पावसाळ्यातल्या लोकलसारखं. कधी दोन महिने पत्ता नाही, कधी पंधरा दिवसांत दोनदा. शेवटची आली ती जानेवारी २०२१ मध्ये. शेवटची म्हणून तेव्हा कळत नाही. बारा महिने कोरडे गेले की मग मागे वळून म्हणायचं, हां, ती शेवटची. ऑफिसातल्या एका सीनियर बाईंनी अभिनंदन केलं, "सुटलीस! आता मज्जा."

मज्जा अशी, की जानेवारीच्या थंडीत, ठाण्याहून सुटणाऱ्या स्लो लोकलमध्ये, लेडीज डब्यात खिडकीशी बसून मी तिकिटांच्या पाकिटाने वारा घालत असायचे. छातीतून सुरू व्हायचं, मानेवरून कानांपर्यंत चढायचं, तीन-चार मिनिटं अंगातून वाफा निघाल्यासारख्या, आणि मग घामाने ब्लाउज चिकटून हुडहुडी. समोरच्या मुलीने एकदा न विचारता पाण्याची बाटली पुढे केली होती. रात्री तीनला जाग यायची ती यायचीच. एकदा छातीत इतकं धडधडलं की नवऱ्याने रात्री साडेअकराला इसीजी काढायला नेलं. नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. टेन्शन नव्हतंच, पण त्यांच्या बोलण्यावरून घेतलं.

आणि या सगळ्यात मी स्वतःला फिट समजत होते! कारण मी चालायचे. रोज पहाटे साडेपाचला कचराळी तलावाला सहा फेऱ्या. आमचा सात-आठ जणींचा ग्रुप होता. फेऱ्या कमी आणि सुना जास्त व्हायच्या, पण मोबाईलवर पावलं दिसायची आणि मन भरायचं. रविवारी उपवनवरून येऊरच्या चढाला. अशी बाई जमिनीवरून उठताना ओरडते कशी, हे मला मंगळागौरीपर्यंत कळलं नव्हतं.

त्या आठवड्यातच मी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले. मॅडम शांतपणे सगळं लिहून घेत होत्या. मी चालण्याबद्दल अभिमानाने सांगितलं.

"चालता, उत्तम. उचलता काय?"

"पर्स," मी म्हणाले.

त्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, आईचं कधी हाड मोडलं होतं का? मोडलं होतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी मोरीत घसरली, हात टेकला आणि मनगट गेलं. सगळे म्हणाले, फरशीच निसरडी. पुढे सत्तरीत तिच्या साड्यांच्या निऱ्या जमिनीवर लोळायला लागल्या. आम्ही बहिणी तिला रागवायचो, "आई, नीट नेस गं, पायात येऊन पडशील." ती तशीच नेसत होती, जशी पन्नास वर्षं नेसली. उंची कमी झाली होती. पाठीचे मणके दबले होते, एकेक करून, कुणालाही न कळता. हे मॅडमना सांगताना माझा आवाज बदलला असावा, कारण त्यांनी पेन खाली ठेवलं.

त्यांनी डेक्सा स्कॅन लिहून दिला, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी. नाव मोठं, काम सोपं. सपाट पाठीवर झोपायचं, पायांखाली एक ठोकळा देतात, वरून यंत्राचा हात सावकाश फिरतो. दहा-पंधरा मिनिटं. दुखत नाही, टोचत नाही, कपडेही उतरवावे लागले नाहीत, फक्त मंगळसूत्र काढायला लावलं. रिपोर्टमध्ये टी-स्कोअर म्हणून आकडा असतो. निरोगी तरुण हाडाच्या तुलनेत आपलं हाड कुठे आहे ते तो सांगतो. उणे १ पर्यंत ठीक. उणे १ ते उणे २.५ म्हणजे हाडं विरळ व्हायला लागली. उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ होण्याचा आजार. माझा कंबरेच्या मणक्यांचा उणे २.१ आणि खुब्याचा उणे १.६.

शरीरात हाड रोज थोडं मोडतं आणि रोज थोडं बांधलं जातं, म्हणाल्या मॅडम. मोडणाऱ्या पेशींना इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन आवर घालतं. ते कमी झालं की मोडणाऱ्यांना रान मोकळं. पाळी जाण्याच्या आसपासची काही वर्षं हाड सर्वात वेगाने झिजतं ते यामुळे. हे ऐकताना मला आमची पाचपाखाडी दिसत होती. दर गल्लीत एक सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेलेली. पाडायला पंधरा दिवस, बांधायला चार वर्षं, आणि तोवर माणसं भाड्याच्या घरात. माझ्या कंबरेत तेच चाललं होतं.

रक्ताच्या तपासण्यांत ड जीवनसत्त्व ११ निघालं, बी-१२ पण तळाला. आयुष्यभर ठाण्याच्या उन्हात घाम गाळून ड कमी! पण ऊन लागतं ते चेहऱ्याला आणि हाताच्या पंजांना, तेही सकाळी आठच्या आत. आठवड्याला साठ हजार युनिटची एक पुडी, असे आठ आठवडे. कॅल्शियमची गोळीही दिली. माझी थायरॉइडची गोळी आधीपासून चालू आहे, त्यामुळे दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवायला सांगितलं, नाहीतर कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीला शोषूच देत नाही. मी तर दोन्ही एकदम चहाबरोबर घेणार होते, लक्षात राहावं म्हणून.

हार्मोन्सच्या गोळ्यांबद्दलही बोललो. वाफांवर त्यांच्याइतकं गुणकारी काही नाही आणि हाडांनाही फायदा होतो, पण स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताच्या गुठळ्या होऊन गेलेल्यांना देत नाहीत, आणि सुरू करायच्या तर साठीच्या आत, पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आधी. माझ्या वाफा तोवर कमी होत आल्या होत्या, म्हणून मी नको म्हटलं. माझी एक मैत्रीण घेते आणि गेल्या कित्येक वर्षांत पहिल्यांदा रात्रभर झोपते. ज्याचं त्याने डॉक्टरला विचारून ठरवावं, तलावावरच्या बाकावर बसून नव्हे. त्या बाकाचा विषय निघालाच आहे तर, शेजारच्या वहिनींना पाळी जाऊन दोन वर्षांनी डाग दिसला. "परत आली वाटतं" म्हणून बाकावर हसून सोडलं सगळ्यांनी. मॅडमना सहज विचारलं तर त्यांचा चेहराच बदलला. वर्षभर बंद राहून पुन्हा रक्त दिसलं की तपासायचंच. वहिनींचा साधा पॉलिप, म्हणजे निरुपद्रवी गाठ, निघाला, नशीब.

व्यायामाचं म्हणाल तर मॅडमचं सांगणं एका वाक्यात: स्नायू हाडाला ओढतो तेव्हा हाडाला मजबूत राहायचं कारण मिळतं, तेव्हा वजन उचला. आठवड्यातून किमान दोनदा. चालणं चालू ठेवा, पण त्याने खुबा जेमतेम आहे तसा राहील, पाठ आणि हात तेवढेही नाहीत.

म्हणून मी जिम लावली. इथे पैसे घातले. घराजवळची, आरशांची, मोठ्या गाण्यांची. सहा महिन्यांचे आगाऊ भरले, कारण डिस्काउंट होता. ट्रेनर पंचविशीतला. त्याने माझ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि 'लेडीज वेट लॉस' असं कार्डावर लिहिलं. मी हाडांचं सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, वेट उचललं की बॉडी जेन्ट्ससारखी होते." मग वीस मिनिटं ट्रेडमिल, वीस मिनिटं सायकल, आणि शनिवारी सगळ्या बायकांना ओळीत उभं करून उड्या. तिसऱ्या शनिवारी पुन्हा तेच ओलं झालं, आणि रविवारी डावा गुडघा सुजून पुरीसारखा. काळी ट्रॅकपँट घातली होती म्हणून लाज राहिली. त्यानंतर तिकडे फिरकले नाही. पैसे परत मिळत नाहीत, हे पावतीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

गुडघ्यासाठी फिजिओथेरपिस्टकडे गेले. माझ्या मुलाच्या वयाची मुलगी, मला काकू म्हणते. तिने गुडघा बघायच्या आधी एक साधी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली. "काकू, हात छातीवर. तीस सेकंदांत जितक्या वेळा उठून बसता येईल तितक्या वेळा." मी नऊ वेळा उठले, शेवटचं कसंबसं. "साठीच्या बाईचं बारा तरी यायला हवं," ती म्हणाली. मग एका पायावर उभं राहायला सांगितलं. डाव्या पायावर चौथ्या सेकंदाला मी टेबल धरलं.

"म्हणजे उठाबशाच काढायच्या ना?" मी विचारलं.

"हो, त्याच."

मला हसू आलं. आमच्या शाळेत गणिताच्या बाई गृहपाठ विसरलं की वर्गासमोर वीस काढायला लावायच्या. ती शिक्षा होती. आणि पोरगे तालमीत त्याच काढायचे तर त्या बैठका, त्यांचं कौतुक. मुलीची एकदा मासिक पाळी सुरू झाली की धावू नको, उड्या मारू नको, जड उचलू नको. मग लग्नानंतर अचानक पाण्याचे हंडे, गव्हाची पोती आणि कडेवरची पोरं हे जड मोजतच नाहीत. मिक्सर आणि लिफ्ट आली तेव्हा तेही गेलं आणि मागे फक्त 'जड उचलू नको' उरलं.

पहिला महिना फक्त खुर्ची. बसायचं, उठायचं, दहा-दहाचे तीन संच. मग खुर्चीच्या जागी पाय ठेवायचं लहान स्टूल, म्हणजे खाली जास्त जायचं. आणि वाकायला शिकले. हे सविस्तर सांगते, कारण पन्नास वर्षं मी चुकीची वाकत होते. तिने घरातल्या पोछ्याचा दांडा आणायला लावला होता. तो पाठीवर उभा धरायचा: डोक्याचा मागचा भाग, दोन फऱ्यांच्या मधली जागा आणि माकडहाड, या तीन ठिकाणी तो टेकला पाहिजे. आता वाका, पण तिन्हीपैकी एकही जागा सुटता कामा नये. मी वाकले आणि दांडा माकडहाडावरून लगेच उचलला गेला, कारण मी कंबर गोल करून वाकत होते. दहा दिवस लागले. घडी नेमकी पडते ती जांघेत, बसताना साडीची चुणी पडते तिथे. ढुंगण मागे जातं, गुडघे किंचित मोडतात, पाठ फळीसारखी राहते. एकदा ते जमलं आणि मला आजी आठवली, अंगणात सडा घालताना तशीच वाकायची.

मग त्याच वाकण्यात वजन. पहिलं वजन तेलाचा पाच लिटरचा कॅन. मग दोन्ही हातांत दोन. मग तिच्याकडचे डंबेल्स, पाच किलोचे, मग साडेसातचे. नियम एकच: दहा वेळा उचलताना शेवटचे दोन अवघड गेले पाहिजेत. सोपं गेलं तर वजन वाढवा. आणि उचलताना श्वास सोडायचा, कोंडायचा नाही. मंगळवार आणि शुक्रवार. या दोन दिवसांना मी घरात 'मार्केट यार्ड' म्हणते. नवरा म्हणाला, "आता काय, कुस्तीला उतरणार का?" त्याच नवऱ्याने गणपतीत ट्रंक माळ्यावरून उतरवायला मला हाक मारली.

फिजिओने माझं पश्चिमोत्तानासन, म्हणजे पाय पसरून पुढे वाकणं, बंद केलं. मी वाद घातला, योगवर्गाला सहा वर्षं जात होते. ती म्हणाली, योग सोडू नका, पण विरळ झालेल्या मणक्यांना पाठ गोल करून पुढे दाबू नका. पोटाचे सिट-अप्सही नकोत. वृक्षासन, वीरभद्रासन, भुजंगासन भरपूर करा. वर्गातल्या सरांना सांगितलं तर त्यांना आधी पटलं नाही, मग त्यांनी वर्गातल्या पन्नाशीपुढच्या सगळ्यांना डेक्सा केलाय का, असं विचारायला सुरुवात केली.

आणि ते ओलं होणं. याबद्दल मी ना बहिणीला सांगितलं होतं, ना नवऱ्याला. फिजिओच्या पोरीने सरळ विचारलं, जसं खोकला आहे का विचारावं तसं. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, लघवी अडवताना जे आवळतो ते. आवळायचे, पाच सेकंद धरायचे, पूर्ण सैल सोडायचे. सैल सोडणंही तितकंच महत्त्वाचं. लघवी करताना मात्र हा प्रयोग करायचा नाही. मी हे मुलुंड ते भांडुप करते. लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धं ढुंगण बाहेर, हातात पुस्तक, आणि चेहऱ्यावर काही दिसता कामा नये. तीन महिन्यांनी शिंकताना मांडी आवळायची सवय आपोआप सुटली.

सरळ चढतीचा आलेख नव्हता हा. मार्च २०२३ मध्ये मला हाव सुटली. मुलाने व्हिडिओ काढावा म्हणून एकदम दोन पायऱ्या वर वजन घेतलं आणि कंबर धरली. पंधरा दिवस मोरीत बादलीही उचलवली नाही. मे महिन्यात ठाण्यात सकाळी सहालाच घामाच्या धारा लागतात, तेव्हा दोन आठवडे खाडे झाले. वाफा? व्यायामाने माझ्या तरी कमी झाल्या नाहीत, त्या त्यांच्या वेळेने गेल्या. चारनंतरचा चहा बंद केला आणि सुती ओढणी पर्समध्ये ठेवली, त्याचा उपयोग झाला. झोप मात्र सुधारली. तीनला जाग येते, पण पुन्हा लागते.

खाण्यात फार बदल केले नाहीत. आहारतज्ज्ञांनी दिवसभराचं जेवण लिहायला लावलं आणि बेरीज केली तर प्रथिनं पस्तीस ग्रॅमच्या आसपास, मला हवीत साठ-पासष्ट. म्हणजे मुलाला आणि नवऱ्याला पनीर वाढून स्वतः रस्सा-भात खाणारी मी. आता माझ्या ताटात आधी डाळ-उसळ, मग भात. दोन अंडी, एक वाटी दही, आणि नाचणीची भाकरी. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला बाराशे लागतं.

वजन अडुसष्टचं सदुसष्ट झालं. एक किलो! तलावावर पहिला प्रश्न तोच असतो, "किती उतरलं?" मी सांगते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर 'मग एवढं कशाला' उमटतं. ब्लाउज कंबरेला सैल झालेत आणि दंडाला घट्ट, शिंपीण वैतागली आहे. खुर्चीवरून तीस सेकंदांत आता सतरा वेळा उठते. डाव्या पायावर अर्धा मिनिट उभी राहते, दात घासताना.

दुसरा डेक्सा जानेवारी २०२५ मध्ये केला. मणक्यांचा उणे १.९, खुब्याचा उणे १.६. मी पेढे घेऊन गेले होते. मॅडम म्हणाल्या, "शून्य पूर्णांक दोन मशीनच्या फरकातही बसतं, त्यामुळे वाढलं असं मी म्हणणार नाही. पण दोन-अडीच वर्षांत खाली गेलेलं नाही." मग पेढा घेतला.

आईचं निदान आधीच झालं होतं, तिला औषध चालू आहे. फिजिओला विचारून आता रोज संध्याकाळी सहाला, मालिका सुरू व्हायच्या आधी, मी तिला हातांच्या खुर्चीवर बसवते आणि पुढ्यात टेबल ठेवते. हात टेकून चालेल, घाई नाही.

"आणि ही शिक्षा कशाबद्दल गं?" ती रोज विचारते.

"निऱ्या लोळवल्याबद्दल."

ती उठते, बसते, स्वतःच मोजते. चारनंतर एकदम सहा म्हणते. मी पाच राहिले म्हटलं की म्हणते, "तुला गणित कधी येत होतं?"